शर्मिष्ठेतला न पाहिलेला स्फोट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी गच्चीवर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मी बँकेतला माणूस म्हणून मी नॉमिनेशन आणि मृत्युपत्र या विषयावर बोलावं, अशी एक सूचना आली होती. विषय महत्त्वाचा आहे, पण तो कट्ट्यावर रोजच होतो. आज रौप्यमहोत्सव आहे, आपण गच्चीवर आहोत आणि आकाश बऱ्यापैकी मोकळं आहे. तेव्हा आज मी तुम्हाला एका मेलेल्या ताऱ्याबद्दल सांगणार आहे. घाबरू नका, यात गणित फार नाही. जे आहे ते व्याजाच्या हिशेबाएवढंच आहे.

आता सगळ्यांनी एकदा उत्तरेला, म्हणजे भिवंडीच्या बाजूला तोंड करा. क्षितिज आणि डोक्यावरचा भाग यांच्या साधारण मधोमध पाच तारे दिसतील. इंग्रजी एम अक्षर काढल्यासारखे. ही शर्मिष्ठा. इंग्रजीत कॅसिओपिया. या एमच्या एका टोकाजवळ, तुम्हाला जिथे काहीही दिसत नाही, तिथे आपल्या विषयाची वस्तू आहे. तिचं नाव कॅसिओपिया ए. आपण तिला कॅस ए म्हणू. साध्या डोळ्यांनी ती दिसत नाहीच, पण मोठ्या दुर्बिणीतूनही दृश्य प्रकाशात तिचे अंधुक धागेच दिसतात. मात्र आपल्या डोळ्यांना प्रकाशाऐवजी रेडिओ लहरी दिसत असत्या, तर सूर्य मावळल्यावर या आकाशात सगळ्यात ठळक तीच दिसली असती.

तारा मरतो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सूर्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या ताऱ्याच्या पोटातलं इंधन संपलं की त्याचा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचा भाग स्फोटाने उधळला जातो. याला सुपरनोव्हा म्हणतात. काही आठवडे तो एकटा तारा अब्जावधी सूर्यांइतका तळपतो. मग विझतो. मागे उरतो तो उधळलेला माल, हजारो किलोमीटर दर सेकंदाला या वेगाने पसरणारा. त्याला सुपरनोव्हाचा अवशेष म्हणतात. कॅस ए हा असा अवशेष आहे. आपल्यापासून अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षं.

मौज अशी की हा स्फोट कोणी पाहिल्याची पक्की नोंद नाही. १०५४ सालचा वृषभ राशीतला स्फोट चिनी लोकांनी लिहून ठेवला. १५७२ चा टायको ब्राहेने, १६०४ चा केप्लरने. कॅस एचा प्रकाश पृथ्वीवर पोचला तो १६८० च्या आसपास, म्हणजे त्यांच्यानंतर. तेव्हा युरोपात दुर्बिणी होत्या, वेधशाळा होत्या. तरी कोणी ओरडून सांगितलं नाही की बघा, नवा तारा उगवला. १६८० हे साल आपल्याला दुसऱ्या कारणासाठी पाठ आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचं निर्वाण त्याच वर्षीचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या सकाळी व्हॉट्सॲपवर यायचं. काळ किती जवळचा आहे हे कळावं, एवढ्यासाठीच सांगितलं.

मग जे कोणी पाहिलं नाही, ते घडलं असं आपण कशावरून म्हणतो? बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, व्हाउचरशिवाय एंट्री पास करायची नाही. या स्फोटाची व्हाउचरं कुठून आली, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

पहिलं व्हाउचर १९४८ चं. योगायोगाने माझ्या जन्माचं साल. दुसरं महायुद्ध संपलं होतं. युद्धात रडारवर काम केलेले तरुण शास्त्रज्ञ उरलेली यंत्रसामग्री घेऊन आकाशाकडे वळले होते. केंब्रिजला मार्टिन राईल आणि फ्रान्सिस ग्रॅहॅम स्मिथ हे हंस तारकासमूहातल्या एका रेडिओ स्रोताचा अभ्यास करत असताना त्यांना शर्मिष्ठेत त्याहूनही जोरदार स्रोत सापडला. त्या तारकासमूहातला सगळ्यात जोरदार, म्हणून ए. पुढे स्मिथने त्याची जागा नेमकी ठरवली. त्यासाठी वापरलेल्या दोन थाळ्या जर्मन सैन्याच्या रडारच्या होत्या. शत्रूची विमानं हेरायला बनवलेली वस्तू शेवटी मेलेला तारा हेरायला कामी आली.

जागा कळल्यावर अमेरिकेतल्या पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीने तिथे फोटो घेतले गेले. बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलं की तिथे वायूचे तुटक धागे आहेत आणि ते भयंकर वेगाने पळताहेत. म्हणजे आधी रेडिओने पत्ता दिला, मग डोळ्यांनी जाऊन घर पाहिलं.

आता रेडिओ म्हटलं की लोकांना वाटतं, शास्त्रज्ञ कानाला हेडफोन लावून ताऱ्याचा आवाज ऐकतात. तसं नाही. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशच, फक्त लांब लहरींचा. कॅस एमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती गिरक्या घेतात. गिरकी घेताना ते रेडिओ लहरी सोडतात. याला सिंक्रोट्रॉन उत्सर्जन म्हणतात. त्यामुळे रेडिओ नकाशात जिथे चकाकी दिसते, तिथे वेगवान इलेक्ट्रॉन आणि आवळलेलं चुंबकीय क्षेत्र आहे असं समजायचं. शिवाय धुळीचा पडदा रेडिओ लहरींना अडवत नाही. कॅस ए आणि आपण यांच्यामध्ये आकाशगंगेची भरपूर धूळ आहे. स्फोट फिका दिसला असेल किंवा दिसलाच नसेल, त्याचं एक कारण ही धूळ मानली जाते.

पण रेडिओची एक अडचण आहे. लहर जितकी लांब, तितकं चित्र पुसट. आपल्या खोडदच्या जीएमआरटीची एक थाळी ४५ मीटर व्यासाची आहे. एक मीटरच्या आसपासच्या लहरींवर त्या एका थाळीला आकाशाचा सव्वा अंशाहून मोठा तुकडा एकच ठिपका म्हणून दिसतो. कॅस एची आकाशातली रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण एक षष्ठांश. एका थाळीला ती नुसता ठिपका वाटणार. रचना बिचना काही कळणार नाही.

यावर उपाय म्हणजे पुष्कळ थाळ्या लांब लांब ठेवायच्या आणि त्यांचे संदेश एकत्र आणून जुळवायचे. मग त्या सगळ्या मिळून, दोन टोकांच्या थाळ्यांमधल्या अंतराएवढी एक दुर्बीण असल्यासारखं बारीक चित्र देतात. राईल यांना १९७४ मध्ये नोबेल मिळालं, त्यामागे या पद्धतीचा मोठा वाटा आहे. जीएमआरटीत अशा ३० थाळ्या आहेत. १४ मधल्या चौकात दाटीने, १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर. टोकाटोकातलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. आता त्याच एक मीटरच्या आसपासच्या लहरींवर कॅस एच्या रुंदीत एक ठिपका न दिसता तीसेक ठिपके ओळीने मावतात. आडवे तीस, उभे तीस. नकाशा उमटतो.

इथे डोंबिवलीकरांच्या हक्काची एक गोष्ट सांगून घेतो. भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण कुठे उभी राहिली? आपल्या शेजारी, कल्याणला. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या सहा फुटी ३२ थाळ्या वापरून १९६५ मध्ये तिथे सूर्याचा अभ्यास सुरू केला. त्याच माणसाने पुढे उटी आणि मग नारायणगावजवळ खोडद उभं केलं. पत्र्याच्या जड थाळ्यांऐवजी तारांची जाळी ताणून हलक्या, स्वस्त थाळ्या बनवायची त्यांची युक्ती. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो.

आता कॅस एच्या नकाशाकडे वळू. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये २७ थाळ्यांची व्हीएलए नावाची दुर्बीण आहे. तिने १९८० नंतर काढलेले कॅस एचे रेडिओ नकाशे म्हणजे या विषयातला मोठा खजिना. त्यात काय दिसतं? बाहेर एक फिकट गोल पठार. त्याच्या आत, साधारण दोन तृतीयांश रुंदीचं, एक चमकदार कडं. कडं सलग नाही, त्यावर शेकडो गाठी. ईशान्येला कडं फुटून काही तरी बाहेर फेकल्यासारखा फवारा. आणि आतला मधला भाग मात्र मंद.

दोन गोल का? हे समजायला संध्याकाळी सात वाजता डोंबिवली स्टेशनवर या. फास्ट लोकल रिकामी होते, माणसं पुलाच्या जिन्याकडे धावतात. पुढचे जिन्याशी अडतात. मागचे तर वेगाने येतच असतात, ते पुढच्यांवर आदळतात. मग चेंगराचेंगरीची सीमा कुठे सरकते? मागे सरकते. प्रत्येक माणूस पुढेच जातोय, पण गर्दीचा दाब मागे मागे पसरतोय. कॅस एमध्ये हेच होतं. उधळलेला माल भोवतालच्या वायूवर आदळतो. त्याची एक धक्क्याची लाट बाहेर जाते, ती फिकट पठाराची कड. दुसरी लाट मागून येणाऱ्या मालात उलटी शिरते. तिच्यात सापडलेला माल तापतो, चुंबकीय क्षेत्र आवळलं जातं आणि चमकदार कडं तयार होतं. बाहेरच्या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० किलोमीटर. एका सेकंदात काश्मीर ते कन्याकुमारी ओलांडून पुढे.

आणि मधला मंद भाग? मला सगळ्यात आवडतो तो हा. ७४ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या एफएमच्याही खालच्या पट्टीत जेव्हा नकाशे काढले, तेव्हा मधला भाग अपेक्षेपेक्षाही जास्त काळवंडलेला दिसला. १९९५ मध्ये याचा अर्थ असा लावला गेला की आत थंड वायू आहे. त्याला उलट्या लाटेचा धक्का अजून लागलेलाच नाही. तो स्वतः चमकत नाही, पण त्याच्या मागच्या कवचातून येणाऱ्या लांब लहरी शोषून घेतो. पुढे नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीनेही हे पाहिलं. ३०० वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचा काही माल अजून ‘बसायची जागा’ शोधत निघालेलाच आहे, आणि तो कळला सावलीवरून.

आता दुसरं व्हाउचर, तारखेचं. आजची शिल्लक आणि व्याजाचा दर माहीत असेल तर खातं कधी उघडलं ते काढता येतं. तसंच, आज गाठी केंद्रापासून किती लांब आहेत आणि वर्षाला किती सरकतात, यावरून सुरुवात काढायची. पण रेडिओच्या गाठींवरून हिशेब केला की वय खऱ्यापेक्षा बरंच जास्त येतं. का? कारण त्यांचा दर कायम राहिलेला नाही, त्या आदळून मंदावल्या आहेत. फ्लोटिंग रेटच्या खात्याला आजचा दर मागच्या सगळ्या वर्षांना लावला की हिशेब चुकणारच. दृश्य प्रकाशात दिसणाऱ्या काही वेगवान गाठी मात्र फारशा अडलेल्या नाहीत. त्यांच्यावरून उलटा हिशेब केला की १६७० ते १६८० च्या आसपासची तारीख निघते. वस्तू शोधली रेडिओने, पण तारखेचा नीट दाखला दिला प्रकाशाने. एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, तो यासाठी.

याच काळात एक साक्षीदार पुढे येतो. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड यांनी ऑगस्ट १६८० मध्ये शर्मिष्ठेत एक अंधुक तारा नोंदवला. नंतर तो तिथे कोणालाच सापडला नाही. १९८० मध्ये एका अभ्यासकाने सुचवलं की तोच हा स्फोट असावा. वाचायला फार छान वाटतं. पण नोंदलेली जागा कॅस एशी नीट जुळत नाही, आणि दोन वेगळ्या ताऱ्यांच्या नोंदींची सरमिसळ झाली असावी असंही मत आहे. माझ्यासारख्या ऑफिसरपुढे हे व्हाउचर आलं असतं, तर मी ते फाडलं नसतं आणि पासही केलं नसतं. ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवलं असतं. पन्नास वर्षं अर्धवट माहिती ठासून बोलणारी माणसं पाहिल्यावर मला शास्त्रज्ञांची ही सवय फार मोलाची वाटते. ज्याचा पुरावा पुरत नाही, ते आवडलं तरी थांबवून ठेवायचं.

तिसरं व्हाउचर तर उशिरा क्लिअर झालेल्या चेकसारखं आहे. स्फोटाचा थेट प्रकाश १६८० च्या सुमारास येऊन निघून गेला. पण काही प्रकाश आडबाजूच्या धुळीच्या ढगांवर पडला आणि तिथून परावर्तित होऊन वळसा घेत तीनशेहून जास्त वर्षं उशिरा आपल्याकडे आला. २००८ मध्ये, मी निवृत्त झालो त्या वर्षी, जपानच्या सुबारू दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. म्हणजे मूळ स्फोटाचा प्रकाश पुन्हा पाहिला! त्यावरून कळलं की फुटलेला तारा लाल महाराक्षसी प्रकारचा होता आणि फुटण्याआधीच त्याने आपलं बहुतेक हायड्रोजनचं आवरण गमावलं होतं. जे पाहायचं राहून गेलं होतं, ते असं पाहायला मिळालं.

आणि मधोमध काय उरलं? आपली सोसायटी नोंदली गेली ते साल १९९९. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचं पहिलं चित्र जाहीर झालं, ते कॅस एचंच. त्यात केंद्राजवळ एक बारीक ठिपका होता. तो न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून जास्त, आणि व्यास एवढाच की डोंबिवलीहून निघालो तर मुलुंडच्या आसपास संपेल. त्याच चित्रांतून लोह, सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम कुठे कुठे आहे तेही कळलं. काही ठिकाणी तर लोह सिलिकॉनच्याही बाहेर गेलेलं आहे. मूळ ताऱ्यात ते सगळ्यात आत असणार. म्हणजे स्फोटात ताऱ्याचे थर ढवळून निघाले. रेडिओने लाटा दाखवल्या, क्ष-किरणांनी माल दाखवला, लांब लहरींनी सावली दाखवली. यातली एकच चूल पेटवून स्वयंपाक पुरा झाला नसता.

मंडळी, एक गोष्ट मला स्वतःला फार भिडते. कॅस ए मंदावतेय. तसं होणार हे श्क्लोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये सांगितलं आणि लवकरच मोजमापांतून ते खरं ठरलं. दर वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का तिचा रेडिओ प्रकाश कमी होतो. आपण म्हणतो, तारे अढळ, माणूस क्षणभंगुर. पण मी जन्मलो तेव्हा ती जशी होती, त्यापेक्षा आज एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान मंद झालेली आहे. एका माणसाच्या आयुष्यात! या पंचवीस वर्षांत आपल्यातलीही काही माणसं गेली. त्यांच्या नावांची पाटी खाली प्रवेशद्वाराशी आहे. ताऱ्याने उधळलेलं लोह, कॅल्शियम, ऑक्सिजन पुढे नव्या ढगांत, नव्या ग्रहांत जातं. आपल्या रक्तातलं लोह आणि हाडांतलं कॅल्शियम अशाच जुन्या ताऱ्यांकडून आलेलं आहे. खातं बंद होतं, रक्कम बुडत नाही. वर्ग होते.

मुलांसाठी शेवटची गोष्ट. आपल्या आकाशगंगेत साध्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ चा. त्यानंतर ४२० वर्षं कोरडी गेली. पण स्फोट थांबलेले नाहीत. धनु राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राजवळ, एक अवशेष आहे. १९८५ आणि २००८ च्या रेडिओ नकाशांत तो स्पष्टपणे वाढलेला दिसला. वय जेमतेम शंभर-दीडशे वर्षं. तोही धुळीमुळे कोणाला दिसला नव्हता. कॅस ए मंद होतेय, तो मात्र अजून उजळतोय. पुढचा स्फोट कधीही होऊ शकतो, आणि धूळ मध्ये असली तर त्याची खबर डोळे देणार नाहीत.

म्हणूनच खोडदला शांतता हवी. आवाजाची नाही, रेडिओची. चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला, तर तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांत मोडेल, इतके हे संदेश क्षीण असतात. त्या भागात उद्योगांवर काही बंधनं आहेत, तिथल्या गावांनी ती सोसली आहेत. विकास हवा आणि दुर्बीणही हवी, ही ओढाताण सोपी नाही. पण ती दुर्बीण गोंगाटाने आंधळी झाली, तर ती उचलून दुसरीकडे नेता येणार नाही, हे आपण शहरातल्या लोकांनी तरी ध्यानात ठेवावं.

माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे, ती सूचना म्हणून इतिवृत्तात घ्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांना पाहायला खुली करतात. पुढच्या वेळी आपल्या सोसायटीची एक बस तिथे न्यावी. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट. पहिले दोन हजार रुपये माझ्याकडून, पावती आजच फाडा. अट एकच, गेटपाशी सगळ्यांनी मोबाईल बंद करायचे. अगदी अध्यक्षांनीसुद्धा.